कापडाची चमक

अलका,

परवा तुझी शोकसभा झाली. विभागातल्या त्याच हॉलमध्ये, जिथे आपण सेमिनारला मागच्या बाकावर बसून चिवडा खायचो. व्यासपीठावरून तुला 'शांत आणि मनमिळाऊ' म्हणाले. मी आजूबाजूला बघितलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर आले नाही ना म्हणून. पुण्यात माणूस गेला की तो मनमिळाऊ होतोच, त्याला इलाज नाही. पण तू? जिने भर बैठकीत आपल्या सरांना 'सर, तुम्ही हा आलेख पाहिला की नुसता हातात धरला?' असं विचारलं होतं, ती मनमिळाऊ? मला हसू आलं, मग ते आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग मी खरंच रडले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशीच, आणि त्यातलं अर्धं भांडण होतं. चारचौघांत भांडायला निदान समोरचं माणूस तरी हवं.

तुझं संशोधन तिथे एका वाक्यात उरकलं. 'अर्धवाहकांच्या सूक्ष्म कणांवर काम.' झालं. तुझ्या त्या काचेच्या स्लाईडबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? तूच तिच्याबद्दल कधी काही छापू दिलं नाहीस.

आपलं काम सांगायला सोपं होतं. झिंक सल्फाईडचे इतके बारीक कण करायचे, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. असे कण अतिनील दिव्याखाली धरले की निळा उजेड देतात, पण अगदी मिणमिणता. त्यांच्याखाली काचेवर चांदीचा पुसटसा थर असला, तर चांदीतले इलेक्ट्रॉन एका लयीत डोलायला लागतात आणि कणांचा उजेड कितीतरी पटींनी वाढतो. मात्र कण चांदीला चिकटले, तर तीच चांदी उजेड गिळून टाकते. म्हणून दोघांच्या मध्ये एक नाममात्र पडदा ठेवायचा. एवढंच. हा पडदा तुझ्या हाताला थोडाफार जमायचा, माझ्या हाताला कधीच जमला नाही. माझ्या स्लाईडी बघून तू म्हणायचीस, 'नंदे, यात बघून वेणी घाल.'

तू यवतमाळहून आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. मी खडकीची, दारूगोळा कारखान्यातल्या फोरमनची मुलगी, क्वार्टर्समध्ये वाढलेली. तुझ्या मालकीणबाई दिवेलागणीला दाराला कडी घालायच्या, आणि आपलं चांदी चढवायचं निर्वात यंत्र नेमकं तेव्हाच कुठे कामाला लागायचं. मग तू आमच्याकडे मुक्कामाला यायचीस. आईची आमटी तुला गोड लागायची. 'काकू, खडकीत मिरच्या मिळत नाहीत काय?' असं तू तिला तोंडावर विचारायचीस, आणि माझ्या आईला, जिला कुणाचं काही ऐकून घ्यायची सवय नव्हती, तिला तुझं ते बोलणं फार आवडायचं. तुझ्यासाठी ती वेगळा ठेचा करायची. मला कधी केला नाही.

चांदी आणायला आपण रविवार पेठेत सराफाकडे गेलो होतो, आठवतं? त्याने तार काढली, वजन केलं आणि कौतुकाने विचारलं, "ताई, काय घडवायचंय? पैंजण की जोडवी?" तू सरळ सांगितलंस, "घडवायचं काही नाही. वाफ करायची आहे." त्याने तार परत खणात ठेवली आणि म्हणाला, "मालक आल्यावर या." लक्ष्मी रस्त्यापर्यंत आपण हसत होतो. तू हसताना चष्मा काढून हातात धरायचीस. का, ते मी कधी विचारलं नाही.

चांदी तुझी, आणि बनियन माझी. काच पुसायचा खास कागद संपला की महिना महिना यायचा नाही. म्हणून मी घरून बाबांच्या जुन्या बनियनी आणायला लागले. वापरून वापरून मऊ झालेल्या, आईने धुऊन, चौकोनी तुकडे करून दिलेल्या. आमच्याकडे कापड फेकायची पद्धत नव्हती, तुमच्याकडेही नव्हती. ॲसिटोनमध्ये बुडवून त्याने काच पुसली की डाग म्हणून राहायचा नाही. त्या वर्षांत टीव्हीवर धुण्याच्या पावडरींचा नुसता सुळसुळाट झाला होता, आणि आईनेही साबणाची वडी सोडून एक नवी पावडर धरली होती. बाबांच्या बनियनी आयुष्यात कधी नव्हत्या इतक्या पांढऱ्या निघायला लागल्या. आपण दोघी एम.एस्सी. झालेल्या, दिवसभर कुठली वस्तू कशामुळे चमकते त्याचाच अभ्यास करणाऱ्या. त्या बनियनी एवढ्या पांढऱ्या कशाने दिसतात, हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

आणि मग एका दुपारी ती स्लाईड आली. बाकीच्या स्लाईडींचा उजेड बघायला डोळे आधी अंधाराला सरावावे लागायचे. ही दारातूनच दिसली. तू चिमट्यात धरून दिव्याखाली उभी होतीस आणि तिचा निळा उजेड तुझ्या चष्म्यावर पडला होता. "इकडे ये. हळू ये. बघून राहिली ना तू?" तुझा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. तिचा आलेख काढला, तर तो पसरट, गुबगुबीत आला. आपलं यंत्र तेवढंच सांगू शकत होतं, की उजेड निळा आहे आणि भरपूर आहे.

सर म्हणाले, "लिहून टाका." तू म्हणालीस, "पुन्हा येऊ द्या, सर. मग लिहू."

ती पुन्हा आली नाही. त्याच चांदीने, त्याच कणांनी, त्याच उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाही. आणि तू लिहू दिलं नाहीस. तुझा प्रबंध शेवटी दुसऱ्याच, बिनधोक गोष्टीवर झाला.

मधल्या काळात बाबा निवृत्त झाले, खडकीचं क्वार्टर सोडायचं ठरलं, आणि मी प्रबंध अर्धा टाकून सॉफ्टवेअरमध्ये गेले. सगळेच जात होते. तुला सांगायला आले तेव्हा तू यंत्राचे नट आवळत होतीस. "जा," म्हणालीस, "तिथले दिवे तरी लागतात." माझं पहिलं काम होतं जुन्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी सालांना चार आकडी करायचं. ते ऐकून तू म्हणालीस, "सन दोन हजार येऊन राहिलं, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं काय?" मला राग आला होता. आता तेच वाक्य मी ऑफिसात नव्या पोरांना ऐकवते आणि ती हसतात.

तू एका कॉलेजात लागलीस, तात्पुरती, दर वर्षी नव्याने तात्पुरती. आणि दर शनिवारी विभागात जाऊन तीच स्लाईड पुन्हा करायचा प्रयत्न करत राहिलीस. सर गेले, नवे आले, यंत्र बदललं, तुझा शनिवार बदलला नाही.

मग आमच्या कंपनीची ती पार्टी. हॉटेलच्या हॉलमध्ये जांभळे दिवे लावले होते, आणि ते लागले तसे सगळ्यांचे पांढरे कपडे निळे पेटले. माझ्या शेजारी उभा असलेल्या मॅनेजरचा शर्ट कॉलरपासून खालपर्यंत आपल्या स्लाईडसारखा चमकत होता. कुणीतरी म्हणालं, "मस्त ना?" मी हातातला ग्लास ठेवला आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. धुण्याच्या पावडरीत कापड पांढरं दिसावं म्हणून चमकणारा रंग घालतात. अतिनील दिव्याखाली तो निळा उजेड देतो. आपल्या कणांच्या उजेडासारखाच निळा. आणि आपण काचा पुसायचो त्या बाबांच्या बनियनीने.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या कॉलेजात फोन केला.

"अलके, बाबांची बनियन."

"काय बोलून राहिली तू? काका बरे आहेत ना?"

मी सगळं सांगितलं. मागे स्टाफरूममधल्या कपबशांचा आवाज येत होता. मग म्हणालीस, "शनिवारी बघतो अन् सांगतो." शाळेतली मुलं बोलतात तशी तू घाबरलीस की 'बघतो, करतो' म्हणायचीस, हे फक्त मला माहीत होतं.

शनिवारी तुझाच फोन. "चमकते. तुझ्या बाबांची बनियन लख्ख चमकते." दडवणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. "पण ती स्लाईड मी बनियनने पुसलीच नव्हती."

"मग कशाने पुसलीस? पदराने?"

"ते आठवत नाही. पण बनियनने नाही. अन् समजा पुसली, तरी कापडाची चमक एवढी नसते. मी करून पाहिलं."

"चांदीने वाढवली असेल."

"म्हणजे चांदी काम करते, हे तरी मान ना बाई!"

तिथून जे सुरू झालं ते आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायची कापड, तू म्हणायचीस कण. लग्नांत, हॉटेलात, रिक्षात, माझ्या आईच्या तेराव्यालासुद्धा, भटजी यायच्या आधी, मागच्या अंगणात. खरं तर हा वाद मिटवायचा एक मार्ग होता. पावडरीतल्या रंगाचा उजेड, त्याच्यावरचा झोत थांबला की तत्क्षणी विझतो. कणांचा जरा रेंगाळून विझतो. हे रेंगाळणं मोजणारं यंत्र तेव्हा पुण्यात आपल्या ओळखीत कुणाकडे नव्हतं, बंगळुरूला होतं. मी म्हणायची, पाठव. तू म्हणायचीस, एकच आहे, वाटेत फुटली तर? एकदा मी बोलून गेले, "फुटायला नाही, उत्तराला घाबरतेस तू." तू फोन ठेवलास. पुढे कित्येक आठवडे काही नाही. मग संक्रांतीला खराडीत, आमच्या ऑफिसच्या गेटवर, उन्हात उभी. सिक्युरिटीने आत सोडलं नव्हतं. मी गळ्यातला कार्डाचा पट्टा सावरत धावत आले. तू हातावर तिळगूळ ठेवलास आणि म्हणालीस, "घे. गोड बोलायची अट नाही."

अलके, मला तू काय दिलंस, ते मी तुला कधी सांगितलं नाही. ऑफिसात माझी ख्याती आहे, की मी कुठलीही दुरुस्ती पहिल्या झटक्यात मान्य करत नाही. 'पुन्हा करून दाखव,' म्हणते. पोरं कंटाळतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण माझ्या हातून गेलेलं काम परत येत नाही. ती सवय माझी नाही, तुझी आहे. त्यावर मला बढत्या मिळाल्या, आणि तुला त्याच सवयीने काही मिळू दिलं नाही. हे तुला एरवी सांगितलं असतं तर तू चहा मागवून विषय बदलला असतास.

तुझ्या आजाराचं मी लिहिणार नाही. तुझे दादा तुला यवतमाळला न्यायचं म्हणत होते, आणि तू ऐकत नव्हतीस, एवढंच. एका संध्याकाळी तू पलंगावर उठून बसलीस आणि म्हणालीस, "ते यंत्र आता पुण्यात आलं म्हणतात. घेऊन जातेस काय तिला?" मी म्हटलं, आधी बरी हो. "माझ्यासाठी नको नेऊ. वादासाठी ने. लोंबकळत राहिलं आहे उगाच."

मी स्लाईड स्टीलच्या डब्यात, कापसात ठेवून, मांडीवर धरून नेली. रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, खड्डे बघून. ऑफिसात रजा टाकली, तीही नेमकी काम ग्राहकाकडे जायच्या आठवड्यात. तुलना करायला साध्या कणांची एक काच घेतली आणि बाबांची हल्लीची बनियन घेतली. बाबा म्हणाले, "तुमचं अजून पुसून झालं नाही का?" प्रयोगशाळेत पोचून डबा उघडला. चांदी काळवंडली होती, देवघरातली काळी पडते तशी. फक्त एका कोपऱ्यात नखाएवढी जागा शाबूत होती. तिथल्या बाई मोठ्या मायेने वागल्या. त्यांनी त्या नखाएवढ्या जागेवर झोत धरला.

पडद्यावर तीन रेघा आल्या. बनियनची रेघ धाडकन खाली. साध्या कणांची सावकाश, उतार लांबवत. आणि तुझ्या स्लाईडची, कणांपेक्षा घाईची पण कापडाच्या जवळपासही नाही. चांदीच्या सोबतीने कण भरभर उजेड देतात, त्यांची रेघ अशीच असायला हवी. त्या बाई म्हणाल्या, "हे कापड नाही हो." मी खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांचा वाद हरले होते आणि मला इतका आनंद झाला होता, की त्यांनी मला पाणी दिलं. मग खात्रीसाठी त्यांनी पुन्हा झोत धरला. काहीच नव्हतं. पहिल्याच झोताने तो कोपरा संपला होता.

भेटायच्या वेळेला मी हॉस्पिटलात तुझ्याकडे पोचले. दादा बाहेर होते. तू उशीत खूप खाली गेली होतीस. मी वाकून सांगितलं, "कणच आहेत. कापड नाही. तू जिंकलीस."

तू डोळे उघडलेस. मला वाटलं हसशील.

"कितीदा मोजलं?"

"एकदा. पण रेघ इतकी स्वच्छ..."

"दुसऱ्यांदा?"

मी कोपऱ्याचं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. तुझ्यासमोर ते मला कधी जमलंच नाही.

"मग नाही झालं ना, बाई."

"अलके, झालं! मी डोळ्यांनी बघितलं!"

"एकदा तर मलाही दिसलं होतं," तू म्हणालीस, हळूहळू, दम घेत. "एकदा दिसलं म्हणून मी लिहिलं काय?"

आणि माझा तोल गेला. आयुष्यभर मी म्हणत होते कापड, आणि तू कण. आता मी कण म्हणत होते, आणि तू, तूच ऐकायला तयार नव्हतीस. मी ओरडले. हट्टी म्हणाले, कपाळकरंटी म्हणाले. एकदा, फक्त एकदा मान्य कर म्हणाले. शेजारच्या पलंगावरची आजी उठून बसली. नर्स धावत आली आणि म्हणाली, "अहो ताई, पेशंट आहेत त्या, तुम्हाला कळतंय का?" मला कळत होतं. मी मरणाऱ्या माणसावर ओरडत होते, की तुझं काम खरं निघालं. तू भिंतीकडे तोंड केलं होतंस. मला बाहेर काढलं.

मी पॅसेजमधल्या बाकावर बसले आणि उद्याची तयारी केली. ओरडायचं नाही. आधी बनियनची रेघ सांगायची, मग साध्या कणांची, मग तुझी. मध्ये तुला बोलू द्यायचं नाही. मग म्हणायचं, दुसऱ्यांदा मोजता येत नाही म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. त्यावर तू काहीतरी तिरकं बोलशील, त्याचंही उत्तर मी तयार ठेवलं. शेवटी, हात धरून, तू मला काय दिलंस ते. सकाळी दादांचा फोन आला.

ते मुद्दे अजून तसेच आहेत, अलके. रोज त्याच क्रमाने येतात. तुला इतकी वर्षं ओळखत असून, शेवटच्या मुद्द्यावर तू काय म्हणाली असतीस, ते मला काही केल्या सुचत नाही.